दोन घोटांचं पिंप

परवा कर्नाळ्याहून परतताना पळस्प्याला नातवाने गाडी थांबवली आणि माझ्या हातात गोटी सोड्याची बाटली दिली. "आजी, तुमच्या वेळची," म्हणाला. हायवेवरच्या चकचकीत हॉटेलांत हल्ली हे खूळ पुन्हा आलंय. काउंटरवरच्या माणसाने टोपणाने गोटी आत ढकलली. टॉक झालं, मागोमाग फस्स झालं. नातू माझ्या तोंडाकडे बघत होता, आता आजीचे डोळे भरून येणार म्हणून. मी बाटली उजव्या कानाशी नेली आणि म्हटलं, "गॅस कमी आहे."

"अगं, तू प्यायलीस तरी कुठे अजून?"

प्यायचं कशाला? सोड्यात जीव किती आहे ते प्यायच्या आधीच कळतं. ज्यांच्या घरात तो भरला जायचा त्यांना तरी कळतं. ऐंशी उलटली माझी. डावा कान गेलाय, उजव्यालाही टीव्ही मोठा करून लागतो आणि सून त्यावरून कुरकुरते. पण हा एक आवाज मला अजून नीट ऐकू येतो. दर वैशाखात तो कुठून ना कुठून येतोच. कुणीतरी बाटली उघडतं आणि मी आपली उठून सांगते, झाकण घट्ट लावा रे, गॅस जाईल. घरातले हसतात. हसू देत.

आमच्याकडे वैशाखाला कुणी वैशाख म्हणत नसे. सीझन म्हणायचे. पनवेलला बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा सोड्याचा कारखाना होता. कारखाना म्हटलं की लोकांना धुराडं दिसतं. आमचा म्हणजे रस्त्यालगतची एक लांबट खोली, तिच्यामागे राहायच्या दोन खोल्या, मागच्या अंगणात विहीर आणि बाटल्या धुवायची टाकी. भरायचं मशीन हाताचं. लोखंडी पिंजऱ्यात दोन बाटल्या बसवायच्या, पंपाने पाणी आत घ्यायचं, गॅसच्या बाटल्याचा कॉक सैल करायचा आणि दांडा धरून पिंजरा गरागरा फिरवायचा. गॅसच्या लोखंडी नळकांड्याला आम्ही बाटला म्हणायचो. बाटली सोड्याची आणि बाटला गॅसचा. पाण्यात गॅस मुरला की बाटल्या उलट्या करायच्या. गोटी घरंगळत तोंडाशी यायची आणि आतल्या गॅसच्याच जोराने रबराच्या कडीवर घट्ट बसायची. बूच नको, झाकण नको. मग त्या तशाच, मान खाली करून, पेटीत ठेवायच्या. कडी खराब असली तर थेंब गळायचा आणि चोर सापडायचा. भरलं की उलटं करा, हे आम्हाला शिकवावं लागलं नाही. बाटली हातात आली की मनगट आपोआप फिरायचं.

आणि एक रीत होती अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. प्रत्येक भरणीतली एक बाटली ते फळीवर वेगळी ठेवायचे. ती साक्षीची बाटली. आठ दिवसांनी ती फोडून कानाशी धरायची, गॅस टिकला की नाही ते बघायचं. सोडा कुणी उघडत नाही, फोडतात. साक्षीच्या बाटलीला घरातल्या कुणी हात लावायचा नाही. पाहुणा तहानेने मरो, ती बाटली नाही.

दारावरच्या पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत नुसतंच 'सोडा' असं होतं. रंगाऱ्याने अक्षरं एवढी मोठी काढली की पुढे आमचं नाव लिहायला जागाच उरली नाही. अण्णा त्याच्यावर वर्षभर चिडून होते. त्यांचा स्वभावच धरून ठेवण्याचा. राग धरला की पंधरा दिवस, गप्प बसले की गप्पच, आणि हातात एखादी बिघडलेली कडी आली की जेवणाचं ताट निवेपर्यंत ती बोटांत फिरवत बसायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, बाहेर एवढं मोठं लिहून ठेवलंय लोकांसाठी. तुम्हीही वाचा कधीतरी." अण्णा हसायचे नाहीत, पण हातातलं खाली ठेवायचे. आमच्या घरात 'पाटी वाचा' म्हटलं की पुरे असायचं.

स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती आणि दारूबंदी नवी होती, तेव्हाची ही गोष्ट. मी वीस वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. लग्नाचं बघत होते, ते आईच्या दुखण्यामुळे मागे पडलं. चैत्रात तिला मुंबईच्या इस्पितळात नेलं. पोट उघडलं आणि तसंच शिवून परत दिलं. आमचे पनवेलचे डॉक्टर घरी येऊन बसले, चहा नको म्हणाले आणि अण्णांना म्हणाले, "आता त्यांना जे सोसेल ते द्या." चहा नको म्हणाले तेव्हाच मला कळलं होतं. अण्णांनी डॉक्टरांची बॅग उचलून रस्त्यापर्यंत पोचवली. परत आले आणि मशीनला तेल घालत बसले.

सोसत काहीच नव्हतं. पेज उलटून पडायची. लिंबाचं पाणी उलटायचं. नुसत्या पाण्याने सुद्धा पोट ढवळून यायचं. राहायचा फक्त सोडा. ताजा, जिवंत, नाकात झिणझिण्या आणणारा, आणि तोही दोन घोट. दोन घोट घेतले की तिला ढेकर यायची, कपाळावरची आठी सुटायची आणि तास दीड तास बरा जायचा. मग पुन्हा दोन घोट. देवाने एवढं तरी सोपं केलं म्हणायचं. सोड्याच्या कारखानदारीण बाई, तिला सोडाच सोसतो. कमी का होतं घरात?

पण ती घ्यायलाच तयार नव्हती. "दोन घोटांसाठी बाटली फोडायची? सीझनला?" पंधरा-सोळा वर्षं तिने अण्णांच्या बरोबरीने बाटल्या भरल्या होत्या. एक बाटली भरायला काय लागतं ते तिच्या खांद्यांना माहीत होतं. फोडलेली बाटली पाव तासात मरते. राहिलेला सोडा मोरीत ओतायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं. मग ती आम्हाला प्यायला लावायची. "तुम्ही संपवा, नाहीतर मी उद्यापासून घेणार नाही." दिवसातून दहा बाटल्या फुटायच्या, तिचे दोन दोन घोट आणि उरलेला आम्हा तिघांना. तिसरी आमची जानाबाई, करंजाड्याहून बाटल्या धुवायला यायची. तिचा नवरा मिठागरावर, ते मीठ उचलायचे दिवस, म्हणून ती दिवसभर आमच्याकडेच असायची. आम्ही तिघं सोडा पिऊन पिऊन ढेकरा द्यायचो. जानाबाई म्हणायची, "वैनी, तुमी हात आकडता नि पोट आमचं फुगतं." आई हसायची. हसताना पोट दाबून धरायची.

मग ती चोरून तहानेली राहायला लागली. विचारलं की म्हणायची, नको आत्ता. एकदा दुपारी मी आत गेले तर ओठ कोरडे पडलेले, नजर आढ्याला लागलेली, आणि पोटातली कळ दाबायला पदराचा बोळा दातात धरलेला. उशाला पाच हातांवर भरलेल्या बाटल्यांच्या पेट्या. मला रडू आलं आणि रागही आला. मी ओरडले तिच्यावर. मरणाच्या दारातल्या आईवर मी ओरडले, "कुणासाठी राखतेस?" ती म्हणाली, "राखत नाही गं. वाया जातं ते बघवत नाही." अण्णा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

त्याच संध्याकाळी ते हमीद मिस्त्रींकडून पिंप घेऊन आले. हमीद मिस्त्री मोटारींचे फिटर. लढाई संपल्यावर मिलिटरीचा माल लिलावात निघाला त्यात त्यांनी नाही नाही त्या वस्तू उचलून ठेवल्या होत्या. हे पिंप गोऱ्या शिपायांच्या बिअरचं. जाड पत्र्याचं, पोटाशी फुगीर, दोन कळशा पाणी मावेल एवढं. वर एक तोंड, खाली बुडाशी एक तोटी. अण्णांचा विचार साधा होता. पिंपात सोडा भरून आईच्या खाटेशी ठेवायचा. तोटी फिरवली की दोन घोट. बाकीचा आत जिवंत. काही फोडायला नको, काही ओतायला नको.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. पिंप बिअरचं आहे ही बातमी त्याच्यापर्यंत आमच्याआधी पोचली होती. त्याने वाकून तोटीला नाक लावून हुंगलं, वरचं तोंड हुंगलं, मग आत खाटेकडे त्याचं लक्ष गेलं आणि त्याने टोपी काढली. जाताना म्हणाला, "मावशींना आराम पडू द्या." आईने मला जवळ बोलावून विचारलं, "कसली बिअर गं? अण्णांनी धंदा बदलला की काय?"

आता सांगायला सोपं वाटतं. पण बाटलीत गॅस राहतो म्हणून पिंपात राहील असं नाही, हे आम्हाला कुठे माहीत होतं? पहिल्या दिवशी अण्णांनी वीस बाटल्या फोडून नरसाळ्याने पिंपात ओतल्या. ओततानाच अर्धा जीव गेला, फेस होऊन जमिनीवर आला. उरलेला रात्रीत गेला. सकाळी तोटीतून कोमट, मेलेलं पाणी आलं. मग त्यांनी बाटल्याची नळी थेट पिंपाला लावली. पाणी भरलं, गॅस सोडला, आणि मशीनचा पिंजरा फिरवायची सवय, म्हणून पिंप अंगणात आडवं घालून लोळवलं. एका बाजूने अण्णा, एका बाजूने मी. जानाबाई कपाळाला हात लावून बघत होती. दमून तोटी उघडली तर नुसता फेस. पेल्यात फेस, हातावर फेस, अण्णांच्या मिशीवर फेस. तो बसला तेव्हा पेल्याच्या तळाला बोटभर पाणी, त्यात एक बुडबुडा नाही.

हमीद मिस्त्री संध्याकाळी आले, पिंपावर हात फिरवला. "अण्णाशेठ, जबरदस्ती नाही चालत याच्यावर. याला दमवून वर लगेच तोंड उघडलं तर हा सगळा बाहेर येणार. थोडा सबर करा. आणि थंड ठेवा. गरम पाण्यात गॅस ठरत नाही."

थंड कुठून आणायचं वैशाखात? बंदरावर मासळीसाठी बर्फ यायचा, लाकडाच्या भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळून. अण्णांनी अर्धी लादी आणली, पिंपाभोवती रचली. आईने मान फिरवली. बर्फाला बोंबलाचा वास. दोन मिनिटांत तिला उलटी झाली, आणि उलटायला पोटात काही नव्हतं. मी बर्फ उचलून रस्त्यावर फेकला. हात बधिर झाले माझे.  अण्णांनी शिव्या घालाव्यात तर कुणाला घालाव्यात, बोंबलाला?

मग पहाटेची विहीर. उजाडण्याआधी पाणी सर्वांत गार असतं, ते काढायचं. खाटेला लागून, भिंतीच्या सावलीत, जमीन उकरून खळगा केला, वाळू भरली, वाळू भिजवली. त्यात पिंप अर्धं पुरायचं, तोटीसमोर वाळू कोरून पेल्यापुरती जागा, वर ओलं गोणपाट, तोटीपुरती फट. भरायची रीतही हळूहळू सापडली. आधी पिंपात नुसता गॅस भरायचा, म्हणजे आतली हवा निघून जाते. मग मशीनच्या हातपंपाने तोटीकडून, खालून, पाणी आत घ्यायचं. घाई नाही. पाणी जसं चढेल तसा वरचा कॉक अगदी केसभर सैल करायचा, आतला जोर पडू द्यायचा नाही. सुईतून दोरा जावा एवढाच आवाज आला पाहिजे. अण्णा पिंपाला कान लावून बसायचे आणि हाताने मला खुणा करायचे, थांब, हं, थोडं, थांब. शेवटी वरून पुन्हा गॅस द्यायचा आणि तासभर त्याच्याकडे बघायचंही नाही.

तो राहिला. तोटी फिरवली आणि पेल्यात गार, टोचणारा, बारीक बुडबुड्यांचा सोडा आला. आईने दोन घोट घेतले, नाक चोळलं. "जिवंत आहे हो," म्हणाली. अण्णा बाहेर निघून गेले. मी मागोमाग गेले तर टाकीपाशी तोंडावर पाणी मारत होते, कितीतरी वेळ.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या घरातले चांगले दिवस. हे म्हणायला जीभ अडते, पण होते. बाहेर लग्नांच्या गाड्या, सोड्याच्या पेट्या न्यायला येणारी उरणकडची माणसं, वाजंत्री, आंब्याच्या पेंढ्याचा वास, मिठागरांवरून येणारा खारट वारा. आत आई स्वतःच्या हाताने तोटी फिरवायची. कुणाला हाक नाही, कुणाची वाट नाही. लागलं की दोन घोट. दुपारी मी झोपले आहे असं वाटून ती मुद्दाम तोटी थोडीशी फिरवायची, पेल्यात ऐकायची आणि बंद करायची. मी डोळे मिटून पडलेली असायचे.

अशाच एका दुपारी ती म्हणाली, "शालू, मी गेल्यावर हे बसतील बघ काहीतरी धरून. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. तू पाटी वाचून दाखवायची हां त्यांना."

"तूच दाखव," मी म्हटलं. 

"मी दाखवते तोवर दाखवते. नंतर तू. वचन दे."

मी दिलं. देऊन टाकलं, ती गप्प व्हावी म्हणून.

गॅसचा बाटला संपत आला तसे अण्णा सकाळच्या गाडीने मुंबईला गेले. बाटला खालून वाजवून बघितला होता त्यांनी. "एका पिंपापुरता आहे. आईचं भरून ठेव. सगळं येतं तुला." सगळं येत होतंच. मी आणि जानाबाईने पहाटेचं पाणी घेतलं, आधी गॅस भरला, खालून पाणी घेतलं, वरचा कॉक केसभर. मी कान लावून बसले होते. आवाज अगदी अण्णांना आवडेल असा बारीक येत होता. वरून उरलेला सगळा गॅस दिला. मग दोघींनी पिंप उचललं आणि खळग्यात ठेवलं. ठेवताना उलटं केलं.

कुणी कुणाला सांगितलं नाही. भरलं की तोंड खाली. गळतंय का बघायचं. पंधरा वर्षं जानाबाईच्या हातांनी तेच केलं होतं आणि लहानपणापासून माझ्या. मी गोणपाटावर पाणी मारलं, तोटीपुरती फट केली, आणि तोटी वर आली आहे हे मला दिसलं नाही. दिसलं असेल, पण कळलं नाही. तासभर कामं उरकली आणि मी आंघोळीला गेले.

बादलीत तांब्या बुडवला आणि आवाज ऐकू आला. फस्स, आणि तो थांबेना. बाटलीचा आवाज एवढा लांब नसतो. मला वाटलं बाहेर लॉरीच्या चाकातली हवा जातेय. मग लक्षात आलं आणि मी ओल्या अंगावर पातळ गुंडाळून धावले. आई पेला तोटीखाली धरून वाट बघत होती. पेला कोरडा. तोटी पिंपाच्या वरच्या अंगाला, तिथे पाणी नाही, नुसता गॅस. तो सगळा निघून चालला होता आणि ती पाण्यासाठी तोटी आणखी उघडत होती. मी तोटी बंद करायच्या ऐवजी पिंपच मिठी मारून सरळ केलं. तोटी तशीच उघडी. पाणी हिंदकळलं आणि राहिलेला सोडा फेस होऊन तिच्या अंथरुणावर, माझ्या पायांवर, वाळूत. जानाबाई आली, तिने तोटी फिरवली. सगळं शांत झालं.

"तोटी वर आली होती," आई म्हणाली. "मला वाटलं तुम्ही माझ्यासाठी केलं. हात लांबवावा लागला नाही. बरं वाटलं."

 जानाबाईने कपाळावर हात मारून घेतला. "आमी तोंड खाली केलं, वैनी. बाटलीवानी. आमाला काय अक्कल नाय."

आईने पेला पुढे केला. मी त्यात पाणी सोडलं. एखाददुसरा बुडबुडा काठाला चिकटून होता. तिने दोन घोट घेतले, नाक चोळलं, खोटं खोटं. "आहे की जीव," म्हणाली. पाव तासाने उलटी झाली. झाल्यावर पुन्हा म्हणाली, "होता, चांगला होता."

त्या दिवशी कारखान्यात भरलेली एक बाटली नव्हती. आदल्याच दिवशी सगळ्या पेट्या लग्नांना गेल्या होत्या. बाटला रिकामा. मी जानाबाईला गावात पाठवलं, दुकानांतून आमच्याच बाटल्या परत मागायला. तिला रिकाम्या मिळाल्या. मी मशीनपाशी उभी राहून दांडा फिरवून बघितला, नुसताच. वीस वर्षांची धडधाकट मुलगी, घरात विहीरभर पाणी, आणि आईला द्यायला दोन घोट नाहीत. साक्षीच्या बाटल्या फळीवर होत्या, तीन. त्यांच्याकडे मी बघितलं. हात वर नेला आणि खाली आणला. लहानपणापासून धाक बसलेला. अजून त्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही, आणि आता करायला वेळही फारसा उरला नाही.

अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी आले, रिकाम्या हातांनी. मुंबईतही सीझन होता. चार दिवसांनी या म्हणाले होते. मी त्यांना पिंपाचं सांगितलं. मला वाटलं, आता पंधरा दिवस बोलणार नाहीत. ते पिंपाकडे बघत राहिले, मग स्वतःच्या पंजाकडे. "मी पण हेच केलं असतं," म्हणाले. "आपले हातच तसे झालेत." मग स्टूल ओढलं, फळीवरची पहिली साक्षीची बाटली उतरवली आणि फोडली.

ती फोडली तेव्हा आईने डोळे उघडले. दोन घोट. राहिलेल्या बाटलीवर अण्णांनी अंगठा घट्ट दाबून धरला, तासभर. खाटेशी बसून. तास झाल्यावर आणखी दोन घोट, थोडे मेलेले, पण राहिले पोटात. पुन्हा अंगठा. अशी त्यांनी एक बाटली दिवसभर पुरवली. एवढ्या खटपटी केल्या, पिंप आणलं, वाळू आणली, बर्फ आणला, आणि शेवटी काय, अंगठा. दुसरा दिवस दुसऱ्या बाटलीवर गेला. त्या दिवशी ती दोन घोटांच्या जागी एकच घ्यायला लागली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन खिडकीतून तिच्या पायांपर्यंत आलं होतं. तिला गिळता येत नव्हतं. मी बोळ्याने ओठ ओले करत होते. तिने अण्णांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाटली फोडा ना एक."

जन्मात तिने हे म्हटलं नव्हतं. अण्णा उठले. शेवटची बाटली उतरवली, धोतराच्या सोग्याने पुसली, तिच्या कानाजवळ नेली आणि अंगठ्याने गोटी आत ढकलली. टॉक. ती ऐकत होती. अण्णांनी लगेच अंगठा दाबला, मग केसभर सैल केला, सुईतून दोरा जावा एवढाच आवाज येऊ दिला, पुन्हा दाबला. पुन्हा केसभर. पिंप भरताना मला खुणा करायचे तसा त्यांचा दुसरा हात हवेत होता. थांब. हं. थोडं. थांब. तिच्या तोंडावर अगदी थोडं हसू होतं. मला दिसलं. ते किती वेळ होतं आणि कधी नुसतं राहून गेलं, ते मला सांगता येणार नाही.

अण्णांनी अंगठा काढला नाही.

डॉक्टर आले आणि गेले. शेजारच्या बायका आल्या. हमीद मिस्त्री दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. कुणीतरी आईच्या अंगावर चादर ओढली. अण्णा तिच्या कानाशी बाटली धरून तसेच बसले होते, अंगठा पांढराफटक पडलेला. कुणी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी अण्णा अण्णा म्हणालं. त्यांनी वर बघितलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला एकच शब्द म्हणायचा होता. वचन दिलं होतं. समोर दारावर तो लाल रंगात लिहिलेला होता, उलट्या बाजूने सुद्धा मला पाठ होता. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. आज साठ-पासष्ट वर्षं झाली, मला अजून वाटतं आता येईल.

जानाबाई टाकीवरून आली. तिने हात पदराला पुसले. तिला अक्षर येत नव्हतं, आमची पाटी तिने कधी वाचली नव्हती. ती अण्णांच्या पुढ्यात खाली बसली, त्यांच्या मनगटाला हात लावला आणि हळूच म्हणाली,

"शेट, सोडा आता."

अण्णांनी अंगठा काढला. बाटलीत अजून गॅस होता.